लग्नाच्या व्हिडिओतली रिकामी जागा

भूत-बीत, करणी-बिरणी... असल्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. उताऱ्याच्या लिंबावरून मुद्दाम गाडी घालणारा माणूस मी. राजारामपुरीत डेटा रिकव्हरीचं दुकान आहे. मेलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा काढतो म्हणून मित्र मलाच मांत्रिक म्हणतात.

दसरा झाल्यावर इचलकरंजीचा संजय आला. लग्नाचे व्हिडिओ करतो. सगळं शूटिंग चार डिस्कच्या एका बॉक्सवर. या शहाण्यानं खंडेनवमीला कॅमेऱ्यांबरोबर त्या बॉक्सचीही पूजा केली आणि चालू बॉक्सवर पळीनं तीर्थ शिंपडलं! बोर्ड जळालं. मग घाबरून चारही डिस्क ओढून काढल्या, पुसल्या, आणि कुठली कुठल्या खणातली तेच विसरला. अशा बॉक्समध्ये प्रत्येक व्हिडिओ तुकडे होऊन सगळ्या डिस्कवर पसरलेला असतो. क्रम चुकला की नुसता काला. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

त्याच्यामागं एक बाई उभ्या होत्या. मलकापूरकडच्या. त्यांच्या स्वातीचं लग्न संजयनं शूट केलं होतं. एडिटिंग रेंगाळलं आणि तेवढ्यात पोरगी गेली... सासरच्या विहिरीत सापडली.

"फोटो हायत की घरात," काकू म्हणाल्या. "पर फोटो बोलतोय व्हय? तिनं 'आई' म्हटल्यालं एकदा ऐकू दे बाबा. मग मला काय बी नको."

क्रम जुळवून जुळवून अखेर लागला. एकूण एक लग्न चोख निघालं, स्वातीचंही. भर दुपारी काकूंना आणि संजयला स्क्रीनसमोर बसवलं. हळदीत पोरगी खदाखदा हसत होती, करवल्यांना ढकलत होती. काकू स्क्रीनवर हात फिरवत होत्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

मग पाठवणी लागली. काकू ओटी भरतायत... आणि समोर कुणीच नाही! मागच्या खुर्च्या स्पष्ट दिसतायत. काकू हवेला मिठी मारून रडतायत. मी पुढं-मागं करून पाहिलं. जिथं-जिथं आई होती, तिथं नवरी नव्हती. बाकी सगळीकडं होती.

अहो, डेटा खराब झाला तर चित्र फाटतं, हिरवे-जांभळे चौकोन येतात. माणूस निवडून गळत नाही! "आईशप्पथ, मी असं शूट केलेलं न्हाय," संजय म्हणाला.

काकूंना मात्र नवल वाटलं नाही. "माझ्यावर रुसलीया ती. दोनदा माघारी आलती. 'आई, मारत्यात' म्हणाली. पावणं काय म्हणतील म्हणून मीच एसटीत बसवून धाडली." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मलाच काढा की त्यातनं. मी नसल्यावर येईल ती."

काहीतरी बोलून टाळायला पाहिजे होतं. पण मी त्यांच्या आकृतीवर काळी पट्टी टाकली... फक्त त्यांना दाखवायला, की काही होत नाही म्हणून.

नवरी आली. शालू, मुंडावळ्या, सगळं. रडत होती. इकडं-तिकडं बघत विचारत होती — "आई कुठाय? माझी आई कुठाय?"

"हाय की गं बाळा! हितंच हाय!" काकू किंचाळल्या आणि नखांनी स्क्रीनवरची पट्टी ओरबाडायला लागल्या. मी घाईनं पट्टी काढली. पुन्हा रिकामी जागा. पुन्हा टाकली, पुन्हा ती आईला शोधत उभी.

नंतर डिस्क दुसऱ्या मशीनवर लावल्या, सॉफ्टवेअर बदललं, जाणकारांना दाखवलं. तेच.

त्या दिवशी शेवटी कॉपी करताना काकूंना विचारावंच लागलं, पट्टी ठेवू की काढू?

"ठेवा," म्हणाल्या. "निदान ती हाक तरी मारतीया."