साबण बदल

जंगलात झाडं तोडणाऱ्यांचे कपडे माझी आत्या धुते. भिजवण्याआधी प्रत्येक सदरा दारात जोरात झटकायचा, ही तिची जुनी सवय. यंदा झाडांवर सुरवंट मातले. त्यांचे बारीक केस सदऱ्यांतून उडाले, आत्याच्या अंगभर गांध्या उठल्या, डोळे सुजून मिटले. मुकादमाने तोडणाऱ्यांना मास्क आणि हातमोजे वाटले. आत्याने मागितले तर म्हणे, "तू कुठे जंगलात जातेस? साबण बदल."

हा स्वतः जीपमधून खाली उतरत नाही. त्याचे कपडे आत्या कायम वेगळे धुवायची. त्या दिवशी तिचं डोकं फिरलं आणि तिने सगळे एकाच टबात बुडवले.

तिसऱ्या दिवशी मुकादम मान खाजवत दारात उभा.

आत्याने वर बघितलंसुद्धा नाही. "साबण बदल," म्हणाली.