न लिहिलेला माफीनामा
स्पिरिटचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली ती ऊसतोड करणारी बाई आठवते. श्रीगोंद्याकडच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. कोयता लागून तिची पोटरी फाटली होती. तिच्या जुन्या कागदावर एचआयव्हीचा शेरा वाचताच डॉक्टर मागे सरले. "हिला पुण्याला पाठवा," म्हणाले. ती बाकावरून उठेचना. "पुन्याला जाईस्तवर रगत उरंल व्हय अंगात? शिवल्याबिगर मी न्हाई हलायची!" मी हातमोजे चढवले, ट्रे मांडला आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही शिवता की मी शिवू?" ते बाहेर निघून गेले. मी एकेक करत नऊ टाके घातले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी, त्यांचा हुकूम मोडला म्हणून, माझ्याकडे माफीनामा मागितला. आता मी निवृत्त झाले, पण तो अजून लिहिलेला नाही.