शिव्यांनी चेंडू लांब जात नाही

मला वाचवलं ते मैदानाला पाणी मारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सातवीतच शाळा सोडलेला मी, नव्वदच्या दशकात परभणीहून कोल्हापुरात येऊन गोल्फच्या मैदानावर काठ्यांची पिशवी वाहायचो. चौथ्याच दिवशी एका नवशिक्या साहेबानं चेंडू दीडशे पावलं लांब मारायला काठी मागितली. आकडा मोठा म्हणजे चेंडू लांब जाणार, असं समजून मी नऊ नंबरची दिली. चेंडू उंच उडाला आणि निम्म्यातच पडला.

"अडाणी! उद्यापासून येऊ नकोस!"

माझ्या अंगाची आग झाली, पण नोकरीच्या भीतीनं मी पिशवीतल्या काठ्या नीट लावत राहिलो. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी हातातला पाइप आपटला.

"ओ सायब! लांबचा पाच नंबर, नऊ जवळचा. त्याचं चुकलं, व्हय. पन काल तुमी पाचनं मारलासा, त्यो कुठं पडला? हितंच की, माझ्या पायाशी! रोज बघतोय मी. आपला चेंडू कुठवर जातोय ते आधी बघा, मग काठी मागा. शिव्या देऊन लांब जात न्हाय त्यो!"

मग माझ्यावर खेकसले, "पावणं, बघताय काय? उचला पिशवी!"

साहेब पुढे चालू लागला. माझी नोकरी राहिली. त्या साहेबावरचा माझा राग मात्र अजून जात नाही.

त्याच दिवशी मी मनात म्हणालो: बाबा, तुमच्यावर कुणी असा ओरडला, तर मी गप्प बसणार नाही. एवढं तरी तुमचं ऋण फेडीनच.