डावा गाल आणि चहाआधीची गोळी

बायकांचा समजला जाणारा आजार पुरुषाला झाला की आधी त्याचं हसं होतं, मग इलाज. माझं तसंच झालं.

डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. पन्नाशी ओलांडली त्या सुमाराला मला झोप आवरेनाशी झाली. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकलं की कुणीतरी येऊन हलवेपर्यंत मी उठायचो नाही. मार्च महिन्यात मला थंडी वाजायची. मी पंखा बंद करायचो, बायको तो पुन्हा लावायची. आवाज जाड झाला, जीभ तोंडात मावत नाही असं वाटायला लागलं. फळ्यावर अर्धं समीकरण मांडून पुढची पायरी काय म्हणून थबकायचो, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. बायकोला वाटायचं, मी कशावरून तरी रुसलोय.

"काय झालंय ते एकदाचं सांगा तरी," ती म्हणायची.

सांगण्यासारखं काही नव्हतंच. अंगावर ओलं पोतं घेऊन फिरतोय, एवढंच काय ते वाटायचं. ते कसं सांगायचं?

माझी मोठी बहीण ठाण्याला, बाळकुमला राहते. आम्ही खाडीकाठचे कोळी. वडील गेल्यावर होडी गेली, आजूबाजूला टॉवर आले, पण बहीण लग्नानंतरही तिथेच, चार गल्ल्या सोडून राहिली. मी शिकून मास्तर झालो, डोंबिवलीला फ्लॅट घेतला आणि बोलायची भाषाही बदलून बसलो. तिची बदलली नाही. तिला मी बाय म्हणतो. ती मला अजून बाला म्हणते, माझे केस पांढरे झाले तरी.

त्या रविवारी तिने निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण केलं होतं म्हणून आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं. तिने वाढता वाढता माझ्याकडे नीट बघितलं.

"बाला, तुजा त्वांड सुजलाय."

"वय झालं आता, बाय."

"मना नाय झाला का वय? मी तुज्यापरीस मोठी हाय." मग तिने माझा हात हातात घेऊन कोपराची कातडी अंगठ्याने चोळून बघितली. "थायराड तपासून घे."

"अगं, तो बायकांना होतो."

"त्याला काय म्हाइत, तू बाप्या हायस त्ये?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. पण दुसऱ्याच दिवशी बायकोने मला जवळजवळ ढकलतच रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "सर, एवढ्या आकड्यावर तुम्ही उभे कसे राहत होता?" असं म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी. रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. नंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. आणि बहुतेक जन्मभर.

जन्मभर गोळी या गोष्टीचं मला काही वाटलं नाही. चहाचं वाटलं. मी चहाच्या वासावर उठणारा माणूस. तो अर्धा तास म्हणजे शिक्षाच होती. घरात कपबशी वाजली तरी चिडचिड व्हायची.

बायला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी पन त्याच टायमाला घेतंय. फोन लावीन तुना." ती कित्येक वर्षं हीच गोळी घेत होती आणि मला ते धड माहीतही नव्हतं.

तेव्हापासून तिचा फोन यायला लागला. पहिला प्रश्न ठरलेला.

"गोली गिललीस?"

"गिळली."

"मंग बोल काय त्ये."

आणि आम्ही चहाची वाट बघत बोलत बसायचो. आधी आम्ही बोलायचो कधी? भाऊबीजेला, कुणाचं लग्न निघालं की, नाहीतर कुणी गेलं की. आता रोज. काल काय शिजवलं, समोरच्या टॉवरची लिफ्ट कशी बंद पडली, जावयाने कोणती नवीन टूम काढली. कधी वडिलांची गोष्ट निघायची. ते होडीतून आले की आधी पायरीवर बसून बिडी ओढायचे आणि आई तोवर त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही, हे मी विसरून गेलो होतो. बायच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते सगळं धुरासकट आठवलं.

गोळीने हळूहळू काम केलं. एका सकाळी मी अलार्मच्या आधी जागा झालो आणि पडल्या पडल्या लक्षात आलं की पंखा चालू आहे आणि मला तो हवाय. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "यासाठी उठवलंत?" पण चेहऱ्यावरून ती खूश झालेली कळत होती.

वाटलं, सुटलो. वर्षभर बरं गेलं.

मग एक दिवस दाढी करताना डाव्या गालाला ब्रश लागला आणि वरच्या जबड्यातून डोळ्याखालपर्यंत करंट गेला. दुसरा शब्द नाही. लहानपणी उघड्या वायरला हात लागला होता, तसाच, फक्त चेहऱ्याच्या आतून. क्षणभरच. मी बेसिन धरून उभा राहिलो. पुन्हा काही झालं नाही. म्हटलं, दाताचं काहीतरी असेल.

पुढच्या आठवड्यात दात घासताना, मग घास चावताना, मग नुसती पंख्याची झुळूक गालाला लागली तरी. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मागच्या दाढेत कीड होतीच, ती त्यांनी काढली. दाढ गेली, कळ राहिली. ते भले गृहस्थ. पुन्हा गेलो तेव्हा दुसऱ्या दाढेला हात लावायला त्यांनी साफ नकार दिला. "हे दाताचं नाही वाटत मला. नसांच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाले.

पण तिथे जाईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मऊ भात कोमट करून उजव्या बाजूने गिळायचो. डाव्या बाजूची दाढी वाढली. वर्गात बोलता बोलता ओठ हलला की कळ यायची आणि मी वाक्याच्या मध्येच डोळे मिटून थांबायचो. मुलांना वाटायचं, सर चिडले. वर्ग एकदम चिडीचूप व्हायचा, आणि त्या शांततेचं मला जास्त वाईट वाटायचं. शेवटी मी सगळं फळ्यावर लिहायला लागलो आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगायला लागलो. एका मुलीने विचारलं, "सर, तुमचं मौनव्रत आहे का?" मी मान हलवून हो म्हटलं. ते सोपं होतं.

घरी मी गप्प झालो तो मात्र व्रत म्हणून नव्हे. कळेपेक्षा कळ येईल याची धास्ती मोठी होती. बायको जवळ आली तरी मी गाल वळवायचो. एकदा ती म्हणाली, "मी काही तुम्हाला हात लावत नाहीये," आणि आत निघून गेली.

सकाळचा फोनही अवघड झाला. बायला बायकोने सांगितलं होतं, की यांना बोलणं सोसत नाही. मला वाटलं, आता फोन बंद होईल. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्याच वेळेला वाजला.

"बोलू नको. गोली गिललीस तं फोनवर टकटक कर."

मी नखाने दोनदा वाजवलं.

"बरा झाला. आता ऐक." आणि ती एकटीच बोलत राहिली. मध्येच विचारायची, "हायस ना?" मी टकटक करायचो. असे आम्ही कितीतरी दिवस बोललो. डॉक्टरांना दाखवायला मी टाळतोय हेही तिला त्या टकटकीवरूनच कळलं असावं. एका सकाळी म्हणाली, "मी येतंय तुज्याबरोबर. कवा जायचा त्येवरा टकटक करून सांग." त्यावर काय वाजवायचं मला कळेना.

ठाण्यातल्या एका दवाखान्यात आम्ही तिघं गेलो, मी, बायको आणि बाय. न्यूरॉलॉजिस्ट एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला बोलायची घाई केली नाही. "बोटाने दाखवा, कुठून कुठे जाते," म्हणाल्या. मी गालाला न टेकता हवेतच रेघ काढली. ते बघून त्या हलकेच हसल्या. "न लावता दाखवलंत ना, तिथेच मला निम्मं कळलं."

चेहऱ्याची एक नस असते, तिच्यावरचं आवरण खराब झालं की साधा स्पर्शही तिला भयंकर वाटतो, असं त्यांनी समजावलं. एमआरआय करायला सांगितला. त्यात दुसरं काही भलतं निघालं नाही. मग त्यांनी जे वाक्य उच्चारलं ते मी विसरणार नाही: "दुखणं खरं आहे, मनाचं नाही. आणि यावर औषध आहे." बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. तिचे डोळे भरले होते.

नवीन गोळी कमी ताकदीपासून सुरू केली आणि हळूहळू वाढवायची होती. अंगावर पुरळ आलं तर लगेच या, स्वतःच्या मनाने बंद करू नका, मध्ये मध्ये रक्त तपासू, असं त्यांनी बजावलं. पहिले काही दिवस मी झिंगल्यासारखा चालायचो. आमच्या सोसायटीच्या जिन्यात कठडा धरून एकेक पायरी उतरताना खालच्या मजल्यावरचे काका भेटले. सकाळी सकाळी मास्तरांची ही अवस्था बघून ते काही न बोलता बाजूला झाले. संध्याकाळी बायकोने त्यांच्या घरी जाऊन औषधाचं नाव सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण कळ कमी झाली. आधी दोन झटक्यांमधलं अंतर वाढलं, मग झटका नुसता दूरवर चमकून जायला लागला. एका दुपारी बायकोने तूप-मीठ लावून पोळीचा रोल दिला आणि मी तो विचार न करता खाऊन टाकला. ताट उचलताना ती म्हणाली, "चावलीत की पोळी." मी गाल चाचपला. खरंच की.

सगळं सरळ मात्र झालं नाही. काही महिन्यांनी पुन्हा ते ओलं पोतं अंगावर आलं. झोप, थंडी, जडपणा. मी ठरवूनच टाकलं की हा नव्या गोळीचा दोष. कळ नको तर सुस्ती घ्या, असाच सौदा असणार. बायकोशी बोललोही, की बंद करूया का थोडे दिवस? ती नाही म्हणाली.

बायने फोनवर माझं "गिळली" ऐकलं आणि म्हणाली, "तुजा आवाज परत जाड झालाय. पैल्यासारका."

पुढच्या तपासणीला मी हे न्यूरॉलॉजिस्टबाईंना सांगितलं. थायरॉइडचा रिपोर्ट त्यांनी आधीच मागवला होता. तो माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "नसांची ही गोळी तुमच्या थायरॉइडच्या गोळीला शरीरात लवकर संपवते. काही जणांत होतं असं. थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवावा लागेल. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवत जा."

"म्हणजे ही बंद नाही करायची?"

"आधी त्या दोघींचं जमवून तर बघू."

डोस बदलला, रक्त पुन्हा तपासलं, पुन्हा थोडा बदलला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी माणसात आलो. शाळा उघडली तेव्हा पूर्वीसारखा बोलून शिकवायला लागलो. मौनव्रतवाली मुलगी म्हणाली, "सर, मौनव्रतच बरं होतं, तेव्हा गृहपाठ कमी द्यायचात."

या माघात बायच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडवात बँजो वाजत होता, बायका नाचत होत्या, आणि नवरीला लावून झाल्यावर जो सापडेल त्याला हळद फासायचं सुरू झालं. मामा म्हणून मला पुढे बोलावत होते आणि मी मांडवाच्या खांबाआड उभा. कळ येऊन कितीतरी महिने झाले होते. पण कुणी ओला हात असा फटकन गालाला लावेल, ही कल्पना अजून सोसत नव्हती.

बाय वाटी घेऊन आली. नव्या हिरव्या लुगड्यावर हळदीचे डाग. तिने मागून येणाऱ्या आपल्या पुतणीला, दिराच्या मुलीला, हाताने थांबवलं.

"कुठं लावू? पायाला लावू?"

मी खांबाआडून बाहेर आलो. मग म्हटलं, "गालाला लाव."

"कंच्या?"

"डाव्या."

तिने बोटाचं टोक बुडवलं. इतकं सावकाश आणलं की मला हसू यायला लागलं. गार, ओलं, किंचित खरखरीत. आणि एवढंच. मी वाट बघितली. पुढे काही आलंच नाही.

"काय र?"

"काही नाही गं. नुसती हळद आहे."

तिने पुन्हा वाटीत हात घातला, या वेळी सगळा तळवा, आणि माझा गाल कानापर्यंत माखून टाकला. पुतणी मागून ओरडली, "मामी, तुम्ही पण लावा!" माझी बायको पुढे आली. तिने उजव्या गालाकडे बघितलंही नाही.