निजामुद्दीन सरांची लायब्ररी

घाटंजीत निजामुद्दीन सरांचं आधी टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. मशिनी भंगारात गेल्या तेव्हा सरांनी त्याच खोलीत आठ कॉम्प्युटर मांडले आणि पंचेचाळिशीत स्वतः प्रोग्रामिंग शिकले. फुकट मिळणारी एक भाषा त्यांच्या मनात भरली. जगभरची माणसं हौसेनं, बिनपगारी तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशिनीला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, सांभाळत. पण मराठी नावं अकारविल्ह्यानं लावायला सांगितली की तिची फजिती व्हायची. ळ भलतीकडेच, ज्ञानेश्वर सरळ ज च्या घरात. वीस वर्षं पोरांची बोटं मराठीत घडवलेल्या माणसाला ते सोसवेना.

दोन वर्षं खपून सरांनी त्यासाठी लायब्ररी लिहिली, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये आयता वापरता येईल असा गठ्ठा. कंपायलर सांभाळणाऱ्यांना ती आवडली आणि ती कंपायलरसोबतच द्यायचं ठरलं. पेन ड्राइव्हवर कंपायलर आला की लायब्ररी आलीच. क्लासला तेच सोयीचं होतं, कारण आठ मशिनींपैकी एकीलाही नेट नव्हतं.

सहा वर्षं असं चाललं. मग नव्या आवृत्तीच्या वेळी निघालं, की पुडकं फार जड झालंय, हलकं करू. कोणत्या लायब्रऱ्या ठेवायच्या, कोणत्या काढायच्या हे ठरवणाऱ्या नऊ जणांत प्रफुल्ल होता; सरांचाच विद्यार्थी, याच खोलीत शिकून पुण्याला गेलेला. त्याचाच फोन आला.

"सर, वापरात तुमची लायब्ररी लय खाली दिसून राह्यली. मीटिंगले या, बोला."

सर साध्या मोबाइलवरून नंबर लावून मीटिंगमध्ये बोलले. इंग्रजी अडखळत होतं, पण म्हणणं सरळ होतं. तुम्ही वापर मोजता तो नेटवरून. आमच्या मशिनींना नेटच नाही, मग आम्ही मोजणीत येणार कसे? ज्याला हवी तो उतरवून घेईल म्हणता, तर उतरवायची कुठून?

मीटिंग चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "प्रफुल्ल, तू तिकडचाच ना? खरंच अशी अडचण आहे?"

"होती," प्रफुल्ल म्हणाला. "आता सगळीकडे नेट पोचलंय."

सात विरुद्ध दोन मतांनी लायब्ररी काढायचं ठरलं. प्रफुल्लचं मत सातांत होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, माह्या एकट्याच्या मतानं काय झालं असतं?"

"मत कोन मांगून राह्यलं तुले? त्या बाईनं एक गोष्ट इचारली. ते तं खरी सांगाची होती."

सरांनी फोन ठेवला. बिस्मिल्लाबी नवऱ्याचा चेहरा बघून म्हणाल्या, "जाने दो जी. बच्चे की नौकरी का सवाल होगा."

"नौकरी नै है वो. मुफत का काम है," सर म्हणाले. "मुफत में झूट बोला."

क्लासमध्ये सरांनी जुनाच कंपायलर चालू ठेवला. कोर्सची परीक्षा यवतमाळच्या केंद्रावर होई; तिथं नवा असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तांड्यावरून रोज एसटीनं येणाऱ्या रंजितानं तिथं नावांची यादी लावायचा प्रोग्राम लिहिला आणि मशिनीनं पहिल्याच ओळीला सांगितलं, अशी लायब्ररी इथं नाही. त्या वर्षी क्लासमधली सगळ्यात हुशार पोरगी नापास झाली.

"सर, तुमी शिकवलं तेच लिवलं मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. चूक तिची नाही, एवढंही त्यांच्या तोंडून फुटलं नाही. पुढच्या सोमवारपासून तिची खुर्ची रिकामी राहिली.

दिवाळीत प्रफुल्ल मिठाई घेऊन आला, पाया पडायला वाकला. सरांनी खुर्ची पुढे केली.

"बसा, प्रफुल्लराव. चहा घेता ना तुमी?"

प्रफुल्ल उभाच राहिला. "सर, मले 'तुमी' कायले म्हणून राह्यले?"

"पाहुण्याले म्हणाच लागते," सर म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.