तीन परतीची तिकिटं आणि मामाचं कुलूप

काशीला लोक पुण्य आणायला जातात, आम्ही मामाला आणायला निघालो होतो. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मामा म्हणजे आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. डोकं बिघडलं, घर सुटलं आणि पुढे वर्षानुवर्षं तो काशीच्या घाटांवर झोपायचा. बाबांनी त्याला घरी आणून पाहिलं, एका आश्रमातही ठेवून पाहिलं. दोन्हीकडून पसार! भाऊबीजेला आई बिचारी चंद्राला ओवाळायची आणि न जेवता झोपायची.

त्या दिवाळीनंतर यात्रेहून परतलेले आमचे शेजारी सांगत आले की मामा रामघाटामागच्या एका घरात चक्क खोलीत राहतो. आईला खरंच वाटेना. तिने परतीची तिकिटं तीन काढायला लावली. तिचं, माझं आणि मामाचं.

भुसावळला महानगरी पकडली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत पुरली. तुम्ही जाणार असाल तर कँट स्टेशनवरून मैदागिनपर्यंत सायकलरिक्षा करा, पुढे गल्ल्या पायीच. रिक्षावाला दुप्पट भाडं सांगतो. आपण चालू लागायचं, तो मागून येतोच. गल्लीत सांड समोर आला तर मात्र मुकाट्याने मागे सरायचं, तिथे घासाघीस चालत नाही.

घर सापडलं. ते सांभाळणाऱ्या गोदूताई रामघाटावरच्याच, कैक पिढ्यांच्या काशीकर मराठी. घाटांवर आयुष्य काढलेल्यांना इथे एकेक खोली मिळते, कुलूप-किल्लीसकट. आधी आंघोळ करा, चिलीम सोडा, भजनाला बसा, अशी अट नाही. औषधाची आठवण करायला रोज कोणीतरी येतं, दवाखान्यात सोबत जातं. मामा तर पहिले काही महिने खोलीला कुलूप लावून घाटावरच झोपायचा म्हणे, किल्ली जानव्याला बांधून.

"मग खोली दुसऱ्याला नाही दिलीत?" आईने विचारलं.

"कशी देणार, ताई? कमरा त्यांचा आहे. घाटावर झोपले तरी त्यांचाच," गोदूताई म्हणाल्या. "थंडी वाढली तसे आपणच आत आले. जबरदस्ती कोणी केली नाही."

मामा दारातच उभा होता. दाढी पांढरी, सदरा धुतलेला, जानव्याला किल्ली. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडली, अगदी हमसून. मग डोळे पुसले आणि तडक खोलीत शिरून त्याची वळकटी बांधायलाच घेतली! ही आमची आई. गाडी परवाची आहे, कपडे कुठे ठेवलेस, हे गोणपाट आता टाकून दे, असा तोंडाचा पट्टा सुरू. मामाचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, हा आता पुन्हा पळणार.

तो पळाला नाही. त्याने वळकटी तिच्या हातातून काढून घेतली, सोडली, अंथरली. "आक्का, तुझ्याकडे मी कोपऱ्यात असतो," तो म्हणाला. "इथे तू माझ्याकडे आलीयस. बस." आणि तांब्याभांडं तिच्यापुढे ठेवलं, वर गुळाचा खडा.

आई बसली. पाणी प्यायली. मामाने चहा सांगितला, तोही मुकाट्याने घेतला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने आम्हाला मलइयो खाऊ घातलं. थंडीतच मिळतं, केशरी फेस नुसता, तोंडात घालेपर्यंत विरतो. मग नावेने रामनगर. नाववाल्याशी मामाच हुज्जत घालत होता, अस्सल बनारसीत. तिथली लस्सी चुकवू नका, वरची मलई चमच्याने खायची. हे सगळं करताना आईचं लक्ष मात्र मामाच्या जानव्याकडे. संध्याकाळी परत घाटाला लागलो तेव्हा तो पायऱ्यांवर जरा टेकला. आईने माझा हात घट्ट धरला. मग तो उठला, गल्ली चढला आणि किल्ली काढून दार उघडलं. आईने इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू!

तिसरं तिकीट रद्द केलं. थोडे पैसे कापले गेले. निघताना मामाने गोदूताईंना बोलावून आणलं. स्वतः पाट मांडला, आईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. गोदूताईंनी तिची ओटी भरली, तांदूळ, नारळ, हिरवा खण. सगळं त्याने आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. आजी-आजोबा गेल्यापासून आईची ओटी लेक म्हणून कुणी भरली नव्हती.

आता तिथे जाल तर मैदागिन गर्दीत ओळखू येणार नाही, रिक्षाचे भावही माझे धरू नका. मलइयो मात्र थंडीत खाच. माझ्याजवळ त्या प्रवासातलं राहिलंय ते एवढंच, कुलूप उघडल्याचा आवाज.

भुसावळला पोचलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच तेच शेजारी दारात हजर. भाऊ नाही आला का हो, असं हळहळून विचारायला लागले. आई ओटीचे तांदूळ साखरभातासाठी निवडत बसली होती.

"त्याला कशाला आणू?" ती म्हणाली. "मी माहेरी जाऊन आले."