बाबांचं अक्षर आणि धुतलेला डबा

मला बाबांचं अक्षर वाचता येत नव्हतं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच.

ते तेलंगणात, नार्नूरकडच्या एका खेड्यात मराठी शाळेचे शिक्षक होते. मला मात्र त्यांनी पहिलीपासून इंग्रजी शाळेत घातलं आणि सहावीला उटनूरच्या वसतिगृहात ठेवलं. गावातली माणसं पारावर बसून त्यांना ऐकवायची, "गुरुजी, आमची लेकरं मराठीत अन् तुमची पोरगी इंग्रजीत? हे बरं हाये!" बाबा नुसते हसायचे. उत्तर द्यायची वेळ आली की गप्प बसायचं, हा आमच्या दोघांचा स्वभाव. मी तो त्यांच्याकडूनच घेतला.

शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि थोडी हिंदी होती. हिंदीमुळे छापील मराठी मी अडखळत वाचायचे. दर रविवारी सकाळची बस शाळेच्या फाटकाशी थांबायची, ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवायचे आणि मी डबा घ्यायला पळायचे. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी तिळाची चटणी. झाकणाखाली प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेली चिठ्ठी. जुन्या प्रश्नपत्रिका कापून, त्यांच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली.

फळ्यावर बाबांचं अक्षर मोत्यासारखं होतं. चिठ्ठीत ते धावायचं. वरची रेघ नाही, एक अक्षर दुसऱ्यात अडकलेलं, शेतात वाळलेल्या कापसाच्या पऱ्हाटीसारखं. मला दोनच गोष्टी कळायच्या, वरचं 'जयभीम' आणि खालचं 'तुझा बाबा'. मधलं काही नाही. खोलीतल्या मुली तेलुगू बोलणाऱ्या, स्वयंपाकाच्या मावशींना वाचता येत नव्हतं. शिवाय गुरुजींच्या पोरीला मराठी वाचता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? अभ्यास कर, जेवत जा, असंच काहीतरी असेल, असं मी धरून चालले. चिठ्ठी कंपासपेटीत ठेवायची, डबा घासून संध्याकाळच्या बसने परत पाठवायचा.

बाबा स्वतः एकदाच आले होते, पहिल्या महिन्यात. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. त्यांनी फाटकातून मला घरच्या नावाने हाक मारली. मुलींनी वळून पाहिलं. मी गेले, पिशवी घेतली, "थँक यू" म्हणाले आणि आत निघून आले. बाबांना थँक यू. नंतर ते फक्त सुट्टीत न्यायला यायचे. इतर मुलींचे वडील रविवारी झाडाखाली बसून त्यांच्याशी बोलायचे. माझ्याकडे डबा यायचा. मी मनात धरून ठेवलं की माझे बाबा येत नाहीत. ते कित्येक वर्षं धरून ठेवलं.

आता मी आदिलाबादला एका ऑफिसात दिवसभर टाइप करते. हाताने महिन्यात एखादी सही. बाबा निवृत्त झाले, त्यांनी फोन घेतला. रोज सकाळी त्यांच्याकडून गुलाबाच्या फुलावर छापलेला सुविचार येतो. तोच आत्याला, तोच सरपंचांना, तोच मला. मी अंगठा पाठवते. बाबा माझ्याशी रोज बोलतात आणि त्यात बाबा कुठेच नसतात. कधी कधी वाटायचं, त्या तेलाच्या डागांच्या चिठ्ठ्या, न वाचता येणाऱ्या का असेनात, परत याव्यात.

गेल्या उन्हाळ्यात खोली बदलताना कंपासपेटी सापडली. आत चाळीसेक चिठ्ठ्या उरल्या होत्या. मी फोनचा कॅमेरा धरला. अ‍ॅपने 'जयभीम' नीट वाचलं, मग खाली 'पेरूचा रवा' असं काहीतरी दिलं. मला हसू आलं, मग आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोनचा पडदा पांढरा करून त्यावर चिठ्ठी ठेवली, वर पातळ कागद, आणि पेन्सिलीने बाबांची रेघ गिरवायला लागले. आधी नुसती गिरवली. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत बोटांना कळू लागलं की हा माणूस 'य' कुठून सुरू करतो, 'व' लिहिताना पेन न उचलता पुढे कसा जातो. डोळ्यांना जे दिसत नव्हतं, ते हाताला आधी समजलं. दुपारपर्यंत मी एका चिठ्ठीच्या शेवटच्या ओळी वाचल्या.

'येत्या रविवारी येऊ का? तुला मैत्रिणींसमोर अवघड वाटणार नसेल तर रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाक. मग मी येईन.'

दुसरी चिठ्ठी घेतली. आधी घरची खबर, पाऊस, म्हैस, आईची गुडघेदुखी. शेवटी तेच. तिसरीत तेच. काहींत फक्त 'येऊ का?' एवढंच. दहावीच्या वर्षाच्या चिठ्ठ्यांमध्येही.

आईला फोन केला. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून विचारलं, "आई, मी हॉस्टेलात असताना डबा परत यायचा तेव्हा बाबा काय करायचे?"

"काऊन वं? आज काय आठवलं?"

"सांग ना."

"काय करन? बस आली की सडकीवर जाऊन उभे राहत. घरी येऊस्तोर दम नाही, रस्त्यातच झाकण काढून पाहत. मी म्हणो, अवो, धुतलेल्या डब्यात काय पाह्यता, भाकर उगवली काय?" आई हसली. "मंग म्हणत, पोरगी डबा साजरा घासते."

मी फोन ठेवला. किती वर्षं, किती रविवार. मी डबा खरंच साजरा, लख्ख घासायचे. राखेने, आतून बाहेरून, त्यांना आवडेल म्हणून.

आई अजूनही महिन्यातून एकदा आमच्या गावच्या जीपवाल्याबरोबर डबा पाठवते. पुढचा डबा आला, मी तो रिकामा केला, घासला, पुसला. मग कागद घेऊन बसले. टाइप केलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. मला अख्खी संध्याकाळ लागली. चार कागद फाडले. माफी मागणारं एक वाक्य लिहिलं, ते इंग्रजीत विचार करून लिहिल्यासारखं वाटलं, खोडलं. शेवटी एवढंच राहिलं.

'जयभीम बाबा. चिठ्ठ्या मिळाल्या. मला तेव्हा वाचता येत नव्हत्या. या रविवारी या. तुमची मुलगी.'

प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून झाकणाखाली ठेवली. जीपवाल्याने डबा हलवून पाहिला आणि म्हणाला, "रिकामाच हाये ना ताई?" मी हो म्हटलं.

दोन दिवस काहीच आलं नाही. सकाळची गुलाबाची फुलंही नाहीत. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"काय लिवलं वं तू? हे डबा उघडून तिथंच बसले. मंग चश्मा पुसला, मंग मलेच विचारते, हे अक्षर माह्यावानी कसं दिसून राह्यलं? मी म्हटलं, मले काय पुसता, मले कुठं वाचता येते! अन् आज बुधवार हाये, तं आतापासून सदऱ्याले इस्त्री करून राह्यले. घे, बोल."

फोन त्यांच्या हातात गेल्याचं मला श्वासावरून कळलं.

"चिठ्ठी भेटली," बाबा म्हणाले.

"हो."

मागे आई कोणाला तरी हाकलत होती, बहुतेक कोंबडीला.

"पहिली बस सहाची आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या खोलीजवळ मी उभा राहिलो तर चालेल ना?"

"बाबा," मी म्हणाले, "मी स्टँडवरच येते."